१०एक्सचं हँड लेन्स वापरून: फुलझाडं ओळखायला शिकणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

फुलझाडं ओळखायला शिकायचंय तर काय घेऊ, असं कुणी विचारलं की लोक पुस्तक सांगतात नाहीतर फोनमधलं ॲप सांगतात. मी १०एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, हँड लेन्स सांगते. खिशात मावणारं, धातूच्या कव्हरमधून फिरवून बाहेर काढायचं छोटंसं भिंग, जवाहिरे हिरे बघायला वापरतात ना तेच. माझं भरपूर वापरून झालंय, कायम गळ्यात दोरीला असतं, त्यामुळे आता नीट लिहू शकते असं वाटतंय. रिव्ह्यू लांब होणार आहे, कारण नुसतं मस्त आहे घ्या म्हणून उपयोग नाही, हे कशासाठी लागतं आणि त्यातून बघायचं काय हेच कुणी सांगत नाही आणि मग बिचारं भिंग ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

आधी मुद्द्याचं. ॲपने नाव कळतं, पण नाव कळलं म्हणजे झाड ओळखता आलं असं होत नाही. पुढच्या वेळी तेच झाड जरा वेगळ्या रंगाचं, जरा खुरटं, कळ्याच आलेलं दिसलं की परत फोन काढावा लागतो कारण त्या झाडात बघायचं काय हे आपण शिकलेलोच नसतो. जगात फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या तीन लाखांहून जास्त जाती आहेत, एकेक नाव पाठ करून कुणाचंच भागणार नाही. कुळं मात्र, म्हणजे फॅमिली, चारशेच्या आसपासच आहेत, आणि कुठल्याही परिसरात आजूबाजूला जे दिसतं त्यातलं बरंचसं वीस-पंचवीस कुळांत बसून जातं. कूळ ओळखायचं ते फुलाच्या बांधणीवरून. आणि अडचण अशी की बहुतेक फुलं इतकी बारीक असतात की ती बांधणी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून भिंग.

आता वस्तूबद्दल. १०एक्स, ट्रिपलेट, काचेचा व्यास १८ ते २१ मिलिमीटर, एवढं बघून घ्या, कंपनी कुठलीही चालेल. ट्रिपलेट म्हणजे आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्यामुळे कडेला चित्र वाकडं होत नाही आणि वस्तूभोवती रंगीत किनार दिसत नाही. एकाच काचेच्या भिंगात मधलाच भाग धड दिसतो, बाकी सगळं पुसट आणि ताणलेलं, आणि देठावरचे केस पांढरे आहेत की पिवळसर असा प्रश्न आला की ती रंगीत किनार फार त्रास देते. बॉडी धातूचीच घ्या. बिजागरीचा स्क्रू घट्ट करता येतो का तेही बघा, कारण महिनोन्महिने उघडझाप करून तो सैल होतोच आणि मग भिंग आपोआप बाहेर लोंबायला लागतं, किल्ल्यांवर घासतं, काचेवर चरे पडतात.

खोक्यावर छापलेल्या आकड्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. ३०एक्स, ६०एक्स असं काहीही लिहिलेलं असतं. तपासायची युक्ती सोपी आहे, २५० ला भिंगाच्या फोकल लेंग्थने भागायचं, मिलिमीटरमध्ये, की पट मिळते. म्हणजे १०एक्सचं भिंग डोळ्याशी धरलं तर वस्तू त्याच्यापासून साधारण २५ मिलिमीटरवर स्पष्ट दिसायला हवी, २०एक्सला साडेबारावर, आणि खरोखरचं ३०एक्स असेल तर जेमतेम ८ मिलिमीटरवर. खोक्यावर ३०एक्स आणि फूल अडीच सेंटिमीटरवर स्वच्छ दिसतंय? मग ते १०एक्सच आहे, बाकी सगळी छपाई. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेलं एक भिंग मी असंच पट्टी लावून मोजलं आणि परत पाठवलं, त्यांनी कुरकुर केली पण पट्टीसमोर त्यांचं काही चाललं नाही.

काही जण विचारतात की मग खरोखरचं २०एक्सच का घेऊ नये, जास्त मोठं दिसेल की. नका घेऊ, निदान पहिलं तरी नको. पट वाढली की एका वेळी दिसणारा भाग लहान होतो, फोकसमध्ये राहणारी खोली तर इतकी पातळ होते की पुंकेसराचं टोक दिसतं तेव्हा त्याचा दांडा पुसट असतो, आणि फूल भिंगाच्या इतकं जवळ न्यावं लागतं की आपल्याच डोक्याची सावली त्यावर पडते. वारा असेल तर विचारूच नका. १०एक्समध्ये अख्खं छोटं फूल एका नजरेत मावतं, आणि सुरुवातीला कुठला भाग कुठल्या भागाला कुठे जोडलाय हेच बघायचं असतं. एलईडी दिव्याचं मॉडेल मिळतं, झाडीत दाट सावलीत कामाला येतं, पण समोरून सरळ पडलेल्या उजेडात केस आणि ग्रंथी सपाट होऊन जातात, दिसतच नाहीत. उन्हाकडे पाठ न करता जरा बाजूला वळून उभं राहायचं, तिरपा उजेड पडला पाहिजे फुलावर, मग बघा एकेक केस कसा उठून दिसतो.

धरायची पद्धत सांगायलाच हवी कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. गुन्हेगार शोधणाऱ्यांच्या चित्रात असतं तसं भिंग फुलावर आणि डोळा लांब, असं या छोट्या भिंगाने काहीच दिसत नाही. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं, चष्मा असेल तर चष्म्याच्या काचेपाशी, भिंग धरलेल्या हाताचं बोट गालावर टेकवायचं, आणि दुसऱ्या हातातलं फूल हळूहळू जवळ आणायचं, स्पष्ट दिसेपर्यंत. दोन्ही हातांची मनगटं एकमेकांना टेकवली की थरथर जवळजवळ थांबते. दुसरा डोळा उघडाच ठेवायचा, सुरुवातीला जड जातं पण मिटून बसलात तर थोड्या वेळात डोकं दुखायला लागतं. फूल झाडावरच ठेवायचं असेल तर आपणच खाली वाकायचं, गुडघे मळतात, त्याला इलाज नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. एकदांडी माहितीये ना, कुणी दगडीपाला म्हणतं कुणी कंबरमोडी, कुठेही फटीत उगवणारं तण, लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं आणि कडेला चार-पाच फिकट पाकळ्या. नुसत्या डोळ्याला ते एक फूल आहे. भिंगाखाली आणलं की मधला पिवळा भाग म्हणजे बारीक बारीक नळ्यांची दाटी दिसते, प्रत्येक नळीच्या तोंडाला पाच टोकं, आणि प्रत्येक नळी म्हणजे एक पूर्ण फूल. कडेच्या नळ्या आधी उमलतात, मधल्या अजून मिटलेल्या असतात, त्यामुळे एकाच फुलोऱ्यात कळीपासून कोमेजलेल्या फुलापर्यंत सगळ्या पायऱ्या एकदम बघायला मिळतात. उमललेल्या नळीतून परागकोशांची अजून एक बारीक नळी वर आलेली दिसेल, पाच परागकोश कडांना जोडले गेलेत, आणि त्यांच्या आतून स्त्रीकेसराचा दांडा पराग वर ढकलत येतो, पराग बाहेर पडले की मग त्याची दोन टोकं फाकतात आणि बाहेरच्या बाजूला वळतात. कडेच्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणत होतो त्याही एकेक स्वतंत्र फुलंच, टोकाला दाते, आत फक्त स्त्रीकेसर, पुंकेसर नाहीत. आता सुईने एक पिवळी नळी अलगद उपटून काढा. तळाशी अंडाशय, त्याच्या माथ्यावर पिसासारख्या केसांचं कडं, आणि पाकळ्यांची नळी या सगळ्याच्या वरून निघालेली, म्हणजे अंडाशय पाकळ्यांच्या खाली आहे. बाकीच्या फुलांत जिथे हिरवी संदलं, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरची पानांसारखी दलं, असतात तिथे इथे हे केस आहेत, आणि बी तयार झालं की याच केसांवर ते वाऱ्याबरोबर उडून जातं.

एवढं एका तणाच्या फुलात नीट बघितलं ना की ॲस्टरेसी कूळ तुमचं झालं. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, ओसाडी, सहदेवी, सगळीकडे हीच बांधणी, फरक तपशिलाचा, ओसाडीत कडेची पाकळीसारखी फुलं नाहीतच, सगळ्या नळ्याच नळ्या. या कुळात २५ हजारांच्या वर जाती आहेत. कधीही न पाहिलेलं झाड समोर आलं तरी हे या कुळातलं असं छातीठोक सांगता येतं, आणि तो आनंद मला कुठल्याही स्क्रीनवर नाव झळकल्यावर झालेला नाही.

तुळशीची मंजिरीही अशीच बघण्यासारखी आहे. पानाची खालची बाजू उन्हात तिरपी धरली की चकचकीत ठिपके दिसतात, तेलाच्या ग्रंथी त्या, वास तिथून येतो. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, फूल दोन ओठांचं, चार पुंकेसर. पण तुळशीच्या कुळाची, म्हणजे लॅमिएसीची, खरी खूण आत आहे. पाकळ्या गळून गेलेल्या एका फुलाचा हिरवा कोश सुईने उघडा, तळाशी चार गोल दाणे एकमेकांना लागून बसलेले दिसतील, आणि अगदी ताज्या फुलात बघितलं तर स्त्रीकेसराचा दांडा अंडाशयाच्या डोक्यावरून निघत नाही, त्या चार गोळ्यांच्या मधल्या खाचेतून निघतो. चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं दुसऱ्या कुळांतही सापडतात, घाणेरीचंच बघा ना, पण ती व्हर्बिनेसी कुळातली, तिच्यात ही खाच नाही, दांडा अंडाशयाच्या टोकावर. खोड-पान बघून जिथे अडायला होतं तिथे भिंग एका मिनिटात निकाल देतं.

जास्वंद मोठं फूल आहे, त्याला भिंग कशाला असं वाटेल. पुंकेसरांचे दांडे जोडून झालेली नळी आणि तिच्यातून बाहेर आलेली कुक्षीची, म्हणजे पराग धरणाऱ्या स्त्रीकेसराच्या शेंड्याची, पाच टोकं डोळ्यांनाही दिसतात हे खरंय, पण भिंगातून परागांचे गोल दाणे सुटे सुटे दिसतात, या कुळातले पराग चांगले मोठे असतात म्हणून. त्याच कुळातल्या पेटारीचं मखमली पान घेतलं तर त्या मऊपणाचं कारण कळतं, केस एकेकटे नाहीत, एका बिंदूतून चहूबाजूंना फुटलेले, चांदणीच्या आकाराचे. माल्व्हेसी कुळात हे चांदणीसारखे केस पुष्कळदा सापडतात, फूल नसतानाही ओळखायला मदत होते.

रुईचं फूल मात्र एकदा तरी बघाच. मध्ये जो पाच कोनांचा जाड मुकुट असतो त्याच्या माथ्याच्या प्रत्येक कोपऱ्यापाशी एक बारीक काळपट ठिपका दिसतो. त्याखाली सुईचं टोक घालून हळूच वर ओढलं की ठिपक्याबरोबर दोन पिवळ्या, मेणासारख्या पिशव्या बाहेर येतात, एका फुलातले पराग असे पिशव्यांत बांधलेले असतात आणि कीटकाच्या पायाला अडकून अख्खी जोडी दुसऱ्या फुलावर जाते. पहिल्यांदा ती जोडी सुईच्या टोकावर आली तेव्हा मी कितीतरी वेळ भिंग खालीच घेतलं नव्हतं. पण एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि हे भिंग आपण डोळ्याला लावूनच धरतो. चीक येणाऱ्या झाडांचं काम झालं की हात, सुई आणि भिंगाची बॉडी धुतल्याशिवाय परत डोळ्याजवळ न्यायची नाही. शेर, पॉइन्सेटिया आणि बाकी युफोर्बियांनाही हेच लागू. भिंगाबरोबर येणाऱ्या कागदावर ही सूचना असायला पाहिजे होती, माझ्या भिंगासोबत आलेल्या कागदावर तरी नव्हती.

बोगनवेल, पॉइन्सेटिया, आणि जमिनीलगत पसरणारं दुधी नावाचं तण, या तिघांवर मी थोडक्यात आटपते, पण रंगीत दिसतं ते फूल नव्हे हे समजायला यांच्यासारखं काही नाही. बोगनवेलीत तीन रंगीत छदं, म्हणजे फुलाजवळची रंगीत पानंच, आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एकेक पांढुरकी नळी, ती खरी फुलं. दुधीच्या तर टाचणीच्या डोक्याएवढ्या पेल्यात मधोमध देठावर बाहेर लोंबणारं तीन फुगीर कप्प्यांचं एक मादी फूल, आणि भोवती नर फुलं, एकेक नर फूल म्हणजे फक्त एक पुंकेसर, बाकी काही नाही. हे नुसत्या डोळ्याने कुणाला दिसणार.

गवतांशी लोक येतच नाहीत, सगळं हिरवं सारखंच म्हणून. हरळीचं पान खोडापासून जिथे बाहेर वळतं तिथे आतल्या बाजूला भिंग लावा, आखूड केसांची एक बारीक झालर दिसेल. वेगवेगळ्या गवतांत या जागी कुठे पातळ पापुद्रा असतो कुठे केस, आणि ओळखताना हा भाग फार उपयोगी पडतो. लव्हाळा गवतासारखा दिसतो पण गवत नाही, खोड बोटांत फिरवलं की तीन कडा लागतात, पानं तीन रांगांत, आणि पानाचं आवरण खोडाभोवती बंद नळीसारखं. गवतात ते बहुधा एका बाजूला उघडं असतं.

हे सगळं बघताना आपोआप प्रश्न पडतो की वर्गीकरण करायचं तरी कशावरून. स्वीडनच्या कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ मध्ये मांडलेली पद्धत मुख्यतः पुंकेसरांवर होती, किती आहेत, लांबी सारखी आहे का, जोडलेले आहेत का, यावरून त्याने वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. भिंग हातात असेल तर हे अक्षरशः करून बघता येतं, मोहरीचं फूल घ्या, सहा पुंकेसर, चार लांब दोन आखूड, हा त्याचा एक वर्गच होता आणि आजही मोहरीच्या कुळाची तीच खूण आहे. पण मोजणीवर सगळं सोपवलं की काय होतं तेही कळतं. बहुतेक गवतांत तीन पुंकेसर, भाताच्या फुलात सहा, म्हणून त्याच्या पद्धतीत भात बाकी गवतांपासून वेगळा पडला. साल्व्हियात दोनच पुंकेसर, ती तुळशीच्या नातेवाइकांपासून तुटली, खोड चौकोनी, ओठांचं फूल, चार दाणे सगळं तेच असूनही. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान लोराँ द ज्युसिअने अनेक लक्षणं एकत्र बघून नैसर्गिक कुळं मांडली तेव्हा हा घोळ सुटायला लागला. म्हणून शिकणाऱ्याने एकाच खुणेवर कधी उडी मारू नये, तीन-चार खुणा जुळल्या पाहिजेत, आणि त्या गोळा करायचं साधन हेच.

पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. जुन्या पुस्तकांत बेंथम आणि हुकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांची पद्धत असते, १८६२ ते १८८३ मधली, आणि नवीन ठिकाणी एपीजीची, म्हणजे अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या शास्त्रज्ञांच्या गटाची, जी डीएनएच्या अभ्यासावर उभी आहे. १९९८ मध्ये पहिली आली, चौथी २०१६ मध्ये, त्यात ४१६ कुळं आणि ६४ गण (कुळांचे मोठे गट) आहेत. त्यामुळे रुई एका पुस्तकात ॲस्क्लेपिएडेसीत आणि दुसरीकडे सदाफुलीबरोबर अपोसायनेसीत दिसली तर गोंधळू नका, दोन्ही कुळं आता एक केलीत. सावर आणि जास्वंदही आता एकाच माल्व्हेसीत. डीएनए आपल्याला भिंगातून दिसत नाही हे उघड आहे, पण गंमत म्हणजे रुई आणि सदाफुलीच्या एकत्र केलेल्या कुळांतली झाडं समोर ठेवून बघितली तर साम्य दिसायला लागतं, दोन्हीकडे चीक, जोडीने येणाऱ्या शेंगा, आणि पुष्कळ जातींत बियांना रेशमी झुपका.

ॲपशी तुलना करायचीच तर मी ॲपच्या विरोधात नाही, रोज वापरते. बागेतली मोठ्या फुलांची झाडं ती पटकन आणि बहुधा बरोबर सांगतात. बारीक पांढऱ्या फुलांची तणं, गवतं, लव्हाळे आले की मात्र अंदाज घसरतो, कारण फोटोत त्या खुणाच नसतात ज्यांच्यावरून दोन सारख्या जाती वेगळ्या होतात. एका ॲपने मला एकाच रोपाच्या दोन फोटोंना दोन वेगवेगळी कुळं सांगितली होती, दोन्ही वेळा अगदी ठामपणे. भिंग असलं की आपण ते उत्तर तपासू शकतो, ॲप म्हणतंय रुबिएसी कूळ, मग समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये, खोडावर, छोटं त्रिकोणी उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं अंग, आहे का बघायचं, आणि अंडाशय पाकळ्यांच्या खाली आहे का. दोन्ही आहे, मान्य. नाहीये, तर ॲपला बाजूला ठेवायचं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर फोटो टाकणार असाल तर तिथे दुसऱ्या माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय नोंद पक्की धरली जात नाही, ही गोष्ट मला फार आवडते, पण त्या माणसांनाही खुणा दिसायला हव्यात ना. फुलाचा समोरून एक, मागून एक, पानाची दोन्ही अंगं, खोडाला पान जोडलंय ती जागा, एवढे फोटो टाका, आणि भिंगातून जे दिसलं ते दोन ओळींत लिहा. फोनच्या कॅमेऱ्यावर हेच भिंग टेकवून फोटो निघतो, कडा काळ्या येतात पण मधलं काम भागतं.

डायकोटॉमस की, म्हणजे प्रत्येक पायरीला दोन पर्याय देऊन नावापर्यंत नेणारी यादी, तिचा वापर तर भिंगाशिवाय जवळपास अशक्यच. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी ती वापरली तेव्हापासून पद्धत तीच आहे. अंडाशय वर की खाली, पुंकेसर पाकळ्यांना चिकटलेले की सुटे, केसांच्या टोकाला ग्रंथी आहे की नाही, असे प्रश्न येतात आणि एका ठिकाणी अंदाजाने हो म्हटलं की पुढचा सगळा रस्ता चुकतो. अंडाशय आडवं कापून बघायचा प्रश्न हमखास असतो, त्यासाठी नवं ब्लेड लागतं, जुन्याने सगळं चेचलं जातं. कापलेला तुकडा नखावर ठेवून भिंगाने बघा, कप्पे किती, बीजांडं मधल्या खांबाला लागलीत की भिंतीला, स्वच्छ दिसतं.

तक्रारी आहेत. सगळ्यात मोठी, एक हात भिंगाला आणि एक फुलाला गेल्यावर सुई धरायला हातच उरत नाही, फूल टेबलावर चिकटपट्टीने बसवल्याशिवाय उलगडून बघणं होत नाही, आणि मोकळ्यावर ते जमत नाही. एका वेळी एकालाच दिसतं, त्यामुळे लहान मुलांना बरोबर घेऊन शिकवताना प्रत्येकाला धरायचं कसं ते वेगळं दाखवावं लागतं. काचेवर पराग आणि धूळ बसते, शर्टाने पुसली तर चरे पडतात, आधी फुंकर मग मऊ कापड. पावसात धुकं धरतं. आणि परागाच्या पृष्ठभागावरची नक्षी, पेशी वगैरे याच्यातून दिसत नाही, त्याला मायक्रोस्कोपच हवा, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

नवीन शिकणाऱ्यांनी सोबत शिवणाची सुई लाकडी दांडीत खोचून, एक ब्लेड, मिलिमीटरची छोटी पट्टी आणि कोऱ्या कागदांची वही ठेवावी. दिसलेलं काढून बघा, चित्रकला येत नसली तरी चालेल, काढायला बसलं की पुंकेसर खरंच पाच आहेत का हे परत मोजलं जातं. कुळांत सुरुवात ॲस्टरेसी, तुळशीची लॅमिएसी, जास्वंदीची माल्व्हेसी, मोहरीची ब्रासिकेसी आणि शेंगांची फॅबेसी या पाचांपासून करा, फॅबेसीतही वाटाण्यासारख्या फुलांची झाडं आधी, कारण एक मोठी पाकळी वर, दोन बाजूला आणि दोन खाली होडीसारख्या जुळलेल्या ही रचना लगेच पटते आणि ती होडी सुईने उघडली की बऱ्याच जातींत नऊ पुंकेसर जोडलेले आणि दहावा एकटा असं दिसतं. गवतं शेवटी घ्या, आणि घ्याल तेव्हा सकाळी बाहेर पडा, बरीच गवतं तेव्हाच उमलतात, ऊन चढलं की लोंबणारे परागकोश झडायला लागतात आणि मग कणीस चिमटीत धरून कितीही बघितलं तरी अर्ध्याच खुणा हाती लागतात.